चारशे ग्रॅमचं छप्पर

मे संपत आला की महाराष्ट्रात निळा रंग दिसायला लागतो. हार्डवेअरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर ताडपत्रीच्या घड्या रचल्या जातात आणि पहिल्या पावसाच्या आत ती सगळीकडे पोचते. गॅलरीच्या गजांना, गोठ्याच्या पडवीला, अर्धवट बांधकामावरच्या सिमेंटच्या पोत्यांना, वडापावच्या गाडीला. ताडपत्री ही आपल्याकडे विकत घ्यायची, दोरीने आवळायची आणि दिवाळी आली तरी सोडायची विसरून जायची वस्तू आहे. ती कुणी घरी बसून शिवतं असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग काळजीच्या सुरात विचारतो, "बाकी सगळं ठीक ना?"

बाकी सगळं ठीक आहे. मी शिवतो ती ताडपत्री ट्रेकची. सॅकच्या कोपऱ्यात कोंबायची, संध्याकाळी दोन काठ्यांच्या मध्ये ताणायची आणि तिच्याखाली झोपायचं. तंबूला जमीन असते, दार असतं, चेन असते, जाळी असते आणि या प्रत्येकाला वजन असतं. ताडपत्रीला फक्त वरची बाजू असते.

हिशेब सांगतो, कारण या नादाला लागलेल्या माणसाला तो सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. कापडाचं वजन जीएसएममध्ये बोलतात, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. तीन मीटर बाय तीन मीटर ताडपत्री म्हणजे ९ चौरस मीटर. जाड कॅनव्हास ४०० जीएसएमचा धरला तर ही ताडपत्री ३ किलो ६०० ग्रॅम भरते, म्हणजे ती वाहायला एक माणूस आणि त्याची समजूत काढायला दुसरा. विणलेल्या प्लास्टिकची नेहमीची ताडपत्री १२० जीएसएमची असेल तर किलोच्या थोडी वर जाते. आणि सिलिकॉन चढवलेलं पातळ नायलॉन ४५ जीएसएमच्या आसपास असतं. त्याची ताडपत्री चारशे ग्रॅम. सहाशे-सातशे ग्रॅमचा हा फरक गड चढताना शेवटच्या तासाला ज्याला जाणवत नाही, तो माणूस तरुण आहे. त्याने तंबू न्यावा.

वजन मोजण्याचं हे खूळ अमेरिकेतून आलं आणि त्याचं आद्य दैवत एक आजीबाई आहेत. एमा गेटवुड. ११ मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, या बाई अॅपलेशियन ट्रेल नावाची तीन हजारांहून अधिक किलोमीटरची डोंगरवाट एकट्या चालून गेल्या. एका हंगामात ती वाट एकटीने पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या बाई. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपायची पिशवी नाही. नातवंडं असलेली बाई घरातला पडदा काढून डोंगरात निघून जाते, हे चित्रच मला फार आवडतं. आपल्या घरी असं झालं असतं तर आधी पडद्याची चौकशी झाली असती.

त्या पडद्याबद्दल वाचताना वारकरी डोळ्यांपुढे येतात. आषाढीच्या वाटेवर आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल असते. डोक्यावरून पाठीवर सोडलेला प्लास्टिकचा कागद, त्याच्या आत गाठोडं, आणि हात टाळांना मोकळे. त्याआधी कोकणात आणि मावळात भातलावणीला इरलं होतं. बांबूच्या सांगाड्यात पानं बसवलेलं, वाकून काम करणाऱ्याची पाठ झाकणारं आणि दोन्ही हात मोकळे ठेवणारं. धनगराच्या घोंगडीची खोळ तर पाऊस, थंडी आणि अंथरूण ही तीन कामं एकटीच करते. वजन कमी आणि कामं जास्त हे गणित आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं. त्याला इंग्रजी नाव आणि किंमत लावायचं तेवढं राहिलं होतं.

ते पुढे झालं. १९९०च्या दशकात रे जार्डिन नावाच्या गृहस्थांनी लांब पल्ल्याच्या चालण्यावर पुस्तक लिहिलं. ते मूळचे विमान-अवकाशवाले इंजिनिअर, नंतर प्रस्तरारोहक. कड्याच्या भेगेत अडकवायचं स्प्रिंगचं एक साधन त्यांनीच शोधलं, आजही गिर्यारोहक ते वापरतात. जार्डिनचं म्हणणं थोडक्यात असं की तंबू घरी ठेवा, आपली ताडपत्री आपण शिवा आणि हलके व्हा. ते आणि त्यांच्या पत्नी आपलं बरंचसं सामान स्वतः शिवत. यावर पुष्कळ भांडणं झाली. पण भांडणाऱ्यांपैकी अनेकजण रात्री गुपचूप शिलाई मशीन बाहेर काढत असावेत, असा मला दाट संशय आहे.

माझ्याकडे मशीन नव्हतं. आत्याकडे होतं.

आत्या ऐंशीच्या घरात आहे. नारायण पेठेत तिने वर्षानुवर्षं शिवणाचा क्लास घेतला. काळं, लोखंडी पायांचं, पायाने मारायचं मशीन. त्याच्यावरची सोनेरी वेलबुट्टी जिथे हात टेकतो तेवढ्या भागात पुसली गेली आहे. ती कधी उघड्यावर झोपलेली नाही आणि स्वतःचं घर असताना माणसाने तसं का करावं हे तिला पटलेलं नाही. मी कापडाचा गठ्ठा घेऊन गेलो तेव्हा तिने चष्मा लावला.

"हे कशाचं कव्हर?"

"कव्हर नाही गं आत्या, छप्पर आहे."

"कुणाचं?"

"माझं. डोंगरात झोपायला."

"आणि घरचं काय झालं?"

मग तिने कापडाची कड दोन बोटांत धरली आणि अंगठा फिरवला. कापड तिच्या हातातून निसटून फरशीवर गेलं. ते उचलून पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. "अरे, हे कापड नाही, साबण आहे," ती म्हणाली. पण त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. अवघड गिऱ्हाईक समोर आलं की शिंप्याच्या चेहऱ्यावर येतं तेच.

कापडाबद्दल आधी सांगायला हवं. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास हिंडलं की दोऱ्या, पट्टे, बकल, चेन असं सगळं सामान मिळतं. मुंबईकरांना मंगळदास मार्केट आहे. दुकानात जाऊन सिलिकॉन-नायलॉन मागू नये. विक्रेता मागे वळून मालकाकडे बघतो. "पॅराशूट कापड" म्हणावं. मग लगेच ठाण समोर येतं. या नावात थोडा इतिहास आहे. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरॉदर्स यांच्या हाताखाली तयार झालं, १९४० साली त्याचे बायकांचे मोजे बाजारात आले आणि त्यावर झुंबड उडाली. दोनच वर्षांत युद्धामुळे नायलॉन पॅराशूटसारख्या युद्धाच्या सामानाकडे वळलं. युद्ध संपल्यावर उरलेल्या पॅराशूटांचे लग्नाचे पोशाख शिवले गेले. मोजे, पॅराशूट, लग्न आणि आता माझी ताडपत्री, असा त्याचा प्रवास आहे.

चांगल्या कापडावर बारीक चौकटी दिसतात. थोड्याथोड्या अंतरावर जाड धागा विणलेला असतो, त्यामुळे एखाद्या काट्याने भोक पडलं तर ते चौकटीपाशी थांबतं, पुढे फाटत जात नाही. पाणी अडवणारा थर आहे की नाही हे बघायची सोपी पद्धत म्हणजे कापड तोंडाला घट्ट लावून हवा ओढायची. हवा आली तर कापड परत करायचं. भर दुकानात हे करताना आपल्याकडे लोक बघतात, पण पाऊसही नंतर कुणाची भीड धरत नाही. पहिल्या ताडपत्रीला महागडं सिलिकॉनवालं कापड मागवत बसू नये, असं माझं मत आहे. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर दिलेलं ६०-६५ जीएसएमचं कापड घ्यावं. ताडपत्री सहाशे ग्रॅमच्या आत बसते आणि कात्री चुकली तर रात्रीची झोप उडत नाही.

आता आकार. इथे मी जरा हट्टी आहे. नवशिक्याने चौकोन शिवावा. सरळ, साधा, चार कोपऱ्यांचा चौकोन.

हे सांगायची गरज पडते, कारण चौकोन शिवायचा म्हणून बसलेला माणूस कागद-पेन्सिल हातात आली की चौकोनावर थांबत नाही. त्याला समोर एक टोक हवं असतं, मागे उतार हवा असतो, बाजूला पंख हवे असतात. आमच्या ट्रेकच्या मंडळीत एक इंजिनिअर आहे. त्याने ठरवलं की कडा सरळ कापायच्या नाहीत, साखळीच्या वक्ररेषेत कापायच्या. ही रेषा खरीच फार सुंदर आहे. दोन टोकांना धरलेली साखळी स्वतःच्या वजनाने जशी लोंबते, तो तिचा आकार. गॅलिलिओला ती पॅराबोलासारखी वाटली होती. १६९१ साली हायगेन्स, लाइबनिट्स आणि योहान बर्नूली यांनी आपापल्या पद्धतीने तिचं खरं समीकरण मांडलं. ताडपत्रीची कड या रेषेत चार-सहा इंच आत कापली तर ताण सगळ्या कडेवर सारखा वाटला जातो आणि वाऱ्यात कापड फडफडत नाही.

इंजिनिअर आत्याकडे आला, भिंतीला वर्तमानपत्राचे कागद चिकटवले, दोन खिळ्यांवर बारीक साखळी लटकवली आणि तिच्याखालून पेन्सिल फिरवायला लागला. आत्या दारात उभी राहून बघत होती. त्याने तिला सगळं समजावून सांगितलं, हायगेन्ससकट. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ताणल्यावर जिथे झोळ पडणार, तिथलं कापड आधीच काढून टाकायचं," ती म्हणाली.

"हो, तसंच."

"मग ब्लाउजला टक्स घालतो त्यात दुसरं काय करतो आपण?"

इंजिनिअर पेन्सिल धरून तसाच उभा राहिला. त्याची ताडपत्री अजून एक्सेलमध्ये आहे.

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की या विषयावर परदेशी पुस्तकांत जेवढं लिहिलंय, त्यातलं बहुतेक सगळं शिवणक्लास केलेल्या कुठल्याही बाईला आधीच ठाऊक असतं. उदाहरणार्थ उरेब. कापड उभ्या धाग्यात ओढलं तर ताणलं जात नाही, आडव्यातही फारसं नाही. तिरकं ओढलं की लगेच लांबतं. ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावताना बायका याचा फायदा घेतात, पट्टी मुद्दाम उरेब कापतात, म्हणजे ती गोलाईवर बसते. ताडपत्रीचा चौकोन आपण कोपऱ्यांतून तिरका ओढतो, म्हणजे नेमका उरेब ओढतो. म्हणून रात्री ताठ वाटलेली ताडपत्री पहाटे सैल दिसते. नायलॉन ओलं झालं की आणखी लांबतं, ते वेगळंच. पॉलिएस्टर त्या मानाने शहाणं. माणसाला वाटतं आपण गाठ नीट मारली नाही. गाठ ठीक असते. झोपण्याआधी उठून एकदा सगळे तणावे ओढायचे, एवढंच.

कापण्याची खरी अडचण जागेची असते. तीन मीटर लांबीचं निसरडं कापड सपाट पसरायला दोन खोल्यांच्या घरात जागा म्हणजे फक्त दिवाणखाना, तोही टीपॉय बाहेर काढून. आत्याने कोपऱ्यांवर वजनाला वरवंटा, दोन डबे आणि एक जाडजूड दिवाळी अंक ठेवला. खुणा खडूने करायच्या, पेनाने नाही. टाचण्या लावायच्या नाहीत, कारण टाचणीचं प्रत्येक भोक हे पुढे पावसाचं दार होतं. त्याऐवजी कागदाच्या किंवा कपड्यांच्या क्लिपा. हे सांगितल्यावर आत्या हसली. रेशमी ब्लाउजलाही ती टाचणी लावत नाही, खूण राहते म्हणून.

या कापडाचा पन्हा साधारण ५८ ते ६० इंच असतो, म्हणजे दीड मीटरच्या आसपास. त्यामुळे तीन मीटर रुंदी एका तुकड्यात मिळत नाही. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे लांबीत जोडायचे. मधली शिवण छपराचा कणा होते आणि सगळा ताण तीच घेते, म्हणून ती साधी टीप मारून भागत नाही. जीन्सच्या पायाला आतल्या बाजूने असते तशी शिवण घालायची. एक कड दुसरीपेक्षा सेंटिमीटरभर बाहेर ठेवून पहिली टीप, मग बाहेरची कड आतल्या कडेवर दुमडून, सपाट करून दुसरी टीप. उघडी कड कुठेच राहत नाही. आत्याने ही शिवण माझ्या हातून जुन्या चादरीवर घालून घेतली, नंतरच कापडाला हात लावू दिला.

"सुलट कुठलं?" तिने सुरुवातीलाच विचारलं. प्रश्न बरोबर होता. पीयूचा चकचकीत थर खाली, म्हणजे झोपणाऱ्याच्या बाजूला घ्यायचा. एक तुकडा सुलट आणि एक उलट जोडला गेला तर तो दोष आयुष्यभर वर टांगलेला दिसतो, झोप येत नसेल तेव्हा तर फारच.

दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओला राहून कुजतो आणि कापड धडधाकट असताना शिवण उसवते. सुई बारीक, ११ नंबरची, आणि नवी कोरी. टाका तीन मिलिमीटरच्या आसपास. फार बारीक टाके घालून मजबुती येईल असं वाटतं, पण भोकं जवळजवळ पडत गेली की कापड तिकिटावरच्या फाडायच्या रेघेवर फाटतं तसं फाटायला तयार होतं.

शिवताना मात्र साबण खरोखर साबण होतो. मशीनचे खालचे दाते कापड पुढे सरकवतात, वरून दाबपाय धरून ठेवतो. इथे खालचा थर निघून जातो आणि वरचा मागे रेंगाळतो. तीन मीटरच्या शेवटी एक तुकडा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब निघतो आणि मधल्या चुण्या कुणाच्या नावावर टाकायच्या हे ठरत नाही. आत्याची युक्ती सोपी आहे. डावा हात सुईच्या मागे, उजवा पुढे, आणि दोन्हींनी कापड हलकं ताणून धरायचं. ओढायचं नाही. ओढलं तर सुई वाकते, ताणलं तर दोन्ही थर बरोबर चालतात. ओढणं आणि ताणणं यातला फरक ती तोंडाने सांगू शकली नाही. माझ्या मनगटावर हात ठेवून तिने दाखवला. पायाची लय तिची, हात माझे, असं आम्ही अर्धी शिवण घातली. खटखट, खटखट. मधेच ती पाय थांबवायची आणि म्हणायची, "श्वास घे."

चारही कडा दोनदा दुमडून टीप मारली की अवघड काम उरतं कोपऱ्यांचं. दोरी कोपऱ्याला बांधली जाते, वारा कोपऱ्याला धरून ओढतो. फाटायचं असेल तर ताडपत्री तिथेच फाटते. त्याच कापडाचे तिकोनी तुकडे कोपऱ्याला आतून लावायचे, त्यांच्यावर बॅगेच्या पट्टीचा दुमडलेला लूप, आणि तो चौकट आणि तिच्यात फुली अशा टिपेने बसवायचा. चार कोपरे, कण्याची दोन टोकं आणि लांब कडांच्या मध्ये एकेक-दोनदोन. याहून जास्त लूप लावू नयेत. कुठलीही सोय हाताशी आली की माणूस ती वापरतो, आणि मग अंधारात इतक्या दोऱ्या ताणल्या जातात की रात्री उठलेला माणूस चालता चालता तीनदा नमस्कार घालतो.

या टप्प्यावर शेजारच्या काकू डोकावल्या. गाडीचं कव्हर का, म्हणून विचारलं. आत्याने मान वर न करता सांगितलं, "राहुटी शिवतोय. मोहिमेवर जायचंय त्याला." काकूंना हे उत्तर पुरलं. पेठेत असल्या उत्तरांची सवय असते.

शिवण पाणी अडवत नाही, हे नव्या माणसाला फार उशिरा कळतं. सुईने हजारो भोकं पाडलेली असतात. पीयू कापडाला आतल्या बाजूने पीयूचा सीलर लावायचा. सिलिकॉनच्या कापडाला मात्र सिलिकॉनशिवाय काहीच चिकटत नाही. तिथे न्हाणीघराच्या फटी बुजवायला आणतो ती पारदर्शक सिलिकॉनची ट्यूब मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करायची आणि ब्रशने शिवणीवर फिरवायची. काम गच्चीत करावं, वास डोक्यात जातो. रात्रभर वाळू द्यायचं आणि मग वर टाल्कम पावडर भुरभुरायची, नाहीतर घडी घातल्यावर ताडपत्री स्वतःलाच चिकटते. आत्याकडची पावडर चंदनाची होती. पुढे काही महिने माझं छप्पर डोंगरात मंद चंदनासारखं दरवळत असे आणि सोबतच्यांना वाटे मी देवपूजा करून झोपतो.

आता हे टांगायचं कुठे, आणि कधी. परदेशी पुस्तकांत दोन झाडं गृहीत धरलेली असतात. सह्याद्रीत गडाच्या माथ्यावर हवी तिथे झाडं सापडतील याचा भरवसा नाही, म्हणून ट्रेकिंगच्या काठ्या लागतात. त्या नसतील तर गावातून दोन बांबू. खाली जमीन नसल्यामुळे मुंग्या, डास आणि क्वचित विंचू यांना मज्जाव नाही. जाळी वेगळी न्यावी आणि बूट सकाळी झटकून घालावेत. बंद तंबूत श्वासाचं पाणी कापडाला धरतं आणि पहाटे अंगावर ठिबकतं. ताडपत्रीखालून वारा मोकळा फिरतो, तो त्रास फार कमी. आणि उताणं झोपून मान वळवली की थेट बाहेरचं दिसतं, हे तंबूत कितीही पैसे टाकून मिळत नाही.

पण जुलै-ऑगस्टच्या घाटमाथ्यावरच्या पावसाशी बरोबरी करायला जाऊ नये. तिथे पाऊस वरून पडण्याची शिस्त पाळत नाही, तो समोरून येतो, आणि कोकणकड्यासारख्या जागी तर चक्क खालून वर. हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत, राजगडावर पद्मावतीचं देऊळ आहे, तोरण्यावर मेंगाईचं आहे. ट्रेकर मंडळी वर्षानुवर्षं तिथे पाठ टेकत आली आहेत. पायथ्याच्या गावात कुणाच्याही पडवीत विचारून झोपलं तर पिठलं-भाकरीही मिळते. ताडपत्री खरी ऑक्टोबर ते फेब्रुवारीची. तेव्हा वरून पडतं ते दव, पण ते इतकं पडतं की उघड्यावर झोपलेल्या माणसाचं पांघरूण सकाळी पिळून घ्यावं लागतं. आणि गडावर किंवा जंगलात मुक्कामाला परवानगी आहे ना, हे आधी विचारून घ्यावं. काही ठिकाणी नसते.

पैसे वाचतात का, असं सगळे विचारतात. आत्याची मजुरी धरली नाही तर वाचतात. धरली तर नाही. तिचा ब्लाउजचा दर मला माहीत आहे. पण दुकानातून आणलेल्या तंबूची शिवण उसवली की आपण दुकान शोधतो, आणि आपण शिवलेल्याची उसवली तर खिशातून सुईदोरा काढतो. कुठली टीप कुठून सुरू झाली होती, कुठे आत्याने पाय थांबवला होता, हे हाताला माहीत असतं.

आत्याने ती ताडपत्री शेवटी गच्चीत टांगलेली बघितली. सगळ्या दोऱ्या बोटाने वाजवून पाहिल्या. मग खाली वाकून आत डोकावली आणि म्हणाली, "उंची कमी आहे. बसून चहा पिता आला पाहिजे." तिचं बरोबर होतं. पुढच्या वेळी काठी लांब घेतली.

तेव्हा शिवायचं मनात असेल तर दुकानात जाऊन सात मीटर कापड मागा. दुकानदार हिशेब करून सांगेल की तीन-तीनचे दोन तुकडे, सहा मीटर पुरे. त्याचं ऐकू नका. वरच्या मीटरमधून कोपऱ्यांचे तिकोन निघतात, आणि उरलेल्या कापडाची पिशवी होते. ताडपत्री ठेवायला ती लागतेच, आणि हात बसावा म्हणून आधी तीच शिवा.